साडूच्या थाळ्या आणि माझा पहिला पाट

माणसाने साडूकडून काहीही शिकू नये. हे माझं मत लग्नापासूनचं आहे, पण यंदाच्या अधिक महिन्यात धर्माबादला, सासऱ्यांच्या मिरचीच्या खळ्यात, मी ते सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवलं. सिद्ध करताना माझे डोळे उघडत नव्हते, एवढीच काय ती अडचण.

आमचे साडू दिलीपराव लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. म्हणजे क्लासमध्ये शिकवतात, घरी शिकवतात, लग्नाच्या पंगतीत शिकवतात, आणि एकदा तर एका मयताला गेलो असताना लाकडं कशी रचली म्हणजे हवा खेळती राहते हेही त्यांनी तिथल्या लोकांना शिकवलं. त्यांच्यापुढे गप्प बसूनही भागत नाही. प्रत्येक मुद्द्यानंतर ते "समजलं?" असं विचारतात, आणि आपण "हो" म्हटलं की "काय समजलं, सांगा" म्हणतात. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो. शाळा सुटली की मीही सुटतो.

आता पाटाचं सांगतो, कारण सगळं भांडण पाटाचंच आहे. आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, मुली दोनच. थोरली सुनंदा माझ्या घरी आली, धाकटी वंदना दिलीपच्या. धोंड्याचा महिना आला की जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे आणि पेटता दिवा ठेवलेलं ताट वाण म्हणून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. (जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं शास्त्र आहे. सुनंदाला हे शास्त्र मान्य नाही.) धर्माबादच्या घरी मागच्या ओसरीवर दोन पाट मांडतात. खांबाजवळचा पहिला पाट थोरल्या जावयाचा. पहिलं कुंकू त्याला, पहिलं औक्षण त्याचं, मामांच्या हातची पहिली टॉवेल-टोपी त्याला. मला आयुष्यात दुसरीकडे कुठेही पहिला नंबर मिळालेला नाही. शाळेत सगळ्यांत जुना मी आणि मुख्याध्यापक झाला दुसराच. कॉलनीत नळाचं पाणीसुद्धा माझ्याकडे सर्वांत शेवटी येतं. तो एक पाट तेवढा माझा होता, आणि तोही तीन वर्षांतून एकदा.

तर दिलीप उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाकडे अमेरिकेला जाऊन आला. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. याने बॅग भरून प्लॅस्टिकच्या थाळ्या आणल्या, आणि परतताना त्या दाखवायला मुद्दाम नांदेडला उतरला.

"दादा, याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही. थाळी फेकायची. पडेल तिथून पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकींत दूरच्या टोपलीत घालायची. समजलं?"

"हाव."

"काय समजलं, सांगा."

मी सांगितलं. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझा चहा पिणाऱ्या माणसाला मी तोंडी परीक्षा दिली.

"आता ह्या दोन बघा," त्याने दोन थाळ्या पुढे केल्या. "काय फरक दिसतो?"

"एक लाल आहे, एक निळी."

"रंग सोडा. साचा दोन्हींचा एकच आहे. प्लॅस्टिक वेगळं, म्हणून उडणं वेगळं. निळी साध्या प्लॅस्टिकची. हाताला चिकटून बसते, घामात निसटत नाही. पण जीव कमी. चार वेळा झाडाला धडकली की कड झिजते, आणि उजवीकडे पळायला लागते. लाल भारी प्लॅस्टिकची. कडक. वर्षभर आपटा, स्वभाव सोडत नाही. पण हाताला निसरडी, आणि शेवटी डावीकडे वळणार म्हणजे वळणार."

"माणसांसारखंच आहे म्हणायचं," सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली.

मग कडा झाल्या. रुंद, धारदार कडेची थाळी म्हणजे ड्रायव्हर. ती वारा कापत लांब जाते, पण फेकणाऱ्याच्या हातात वेग पाहिजे. वेग नसला तर डावीकडे कलंडून आपटते. जाड, बोथट कडेची म्हणजे पटर. ती हळू जाते, पण सरळ जाते, टोपलीत घालायला बरी. पाठ फुगीर असली तर थाळी तरंगते, सपाट असली तर लवकर खाली बसते. सांगायला लाज वाटते, पण ऐकताना मला मजा येत होती, आणि मजा येतेय याचाच मला जास्त राग येत होता.

जाताना दिलीपने बॅगेतून एक गुलाबी पटर काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"दादा, तुमच्या हाताला हीच बरी. नवशिक्यांना आणि लहान मुलांना तिकडे हीच देतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती थाळी तशीच टीपॉयवर ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर सुनंदाने तिच्यात लिंबं ठेवली होती.

इथवरही ठीक होतं. पण चार दिवसांनी मामांचा फोन आला. नेहमीप्रमाणे तब्येत, ऊन, मिरचीचा भाव असं काही न बोलता मामा एकदम म्हणाले, "जावईबापू, दिलीपराव इकडं येऊन गेले बगा. काय थाळी फेकली बाप्पा! कडुलिंबाला वळसा घालून गेली. म्या म्हनलं, धोंड्याला ह्या थाळ्या घेऊनच या."

"म्हणजे धोंड्याचं आमंत्रण त्याला दिलं?"

"हाव. लई आग्रेव केला त्याला."

"आणि मला?"

"आता देऊन राहिलो की."

म्हणजे धाकट्याला आधी आणि थोरल्याला नंतर! घरातल्या घरात क्रम फिरला होता आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणालो, "मामा, थाळी मीही फेकतो."

"तुमी?" मामा हसले. मनापासून हसले, हे वाईट. "मग लावू की सामना."

"लावा. आणि जो जिंकेल त्याचा पहिला पाट."

हे वाक्य मी बोललो. मामा बोलले नाहीत, दिलीप बोलला नाही, कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. फोन स्पीकरवर होता. सुनंदाने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नुसता कपाळाला हात लावला.

"अहो, तुमचा पाट तुमचाच होता. कुणी मागितला होता का?"

"हिसकावायला निघालाय तो."

"त्याला पाटाचं काही पडलेलं न्हाई. त्याला थाळ्यांचं बोलायला माणूस पाहिजे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण रागात असताना म्हणी आठवत नाहीत. त्याच दिवशी मी ऑनलाइन थाळी मागवली. सर्वांत रुंद कडेची, सर्वांत कडक प्लॅस्टिकची, सर्वांत वेगवान ड्रायव्हर. खाली बारीक अक्षरात "अनुभवी खेळाडूंसाठी" असं लिहिलं होतं. मी पंचावन्न वर्षांचा आहे. यापेक्षा अनुभव तो काय असतो?

सरावासाठी मी विष्णुपुरीच्या बाजूला एक मोकळं मैदान गाठलं. पहिली फेक डावीकडे गेली. दुसरी आणखी डावीकडे. तिसरीला मी मुद्दाम उजवीकडे तोंड करून उभा राहिलो, तर ती फिरून डावीकडच्या चहाच्या टपरीवर बरण्यांमध्ये जाऊन बसली. नंतरच्या आठवड्यात ती एका म्हशीच्या पाठीवर बसली, एका वकिलाच्या मोटारसायकलीवर बसली, आणि सकाळी गोल करून हसणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या मधोमध पडली. त्या दिवशी त्यांना हसण्याचा व्यायाम मुद्दाम करावा लागला नाही.

"प्लॅस्टिक हट्टी आहे," मी घरी येऊन सांगितलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," सुनंदा म्हणाली.

"अंगण सरळ आहे. थाळी वाकडी जाते."

"मग ती गुलाबी घेऊन बघा की. लिंबं काढून देते."

लहान मुलांची थाळी घेऊन मी पहिल्या पाटासाठी लढू? मी जेवलो नाही. (नंतर जेवलो, पण न बोलता.) आणि जेवताना मला एकदम दिलीपचं वाक्य आठवलं. साधं प्लॅस्टिक झिजलं की थाळी उजवीकडे पळते. माझ्या हातून थाळी डावीकडे जाते. मग त्याच साच्यातली, पण साध्या प्लॅस्टिकची थाळी घेऊन ती व्यवस्थित झिजवली, तर डावं आणि उजवं एकमेकांना खाऊन टाकेल आणि थाळी सरळ जाईल! इतका सोपा विचार फिजिक्सवाल्याला सुचू नये याचा मला फार आनंद झाला.

नवी थाळी आली. मी ती घेऊन कंपाऊंडच्या भिंतीवर घासायला बसलो. शेजारचे गायकवाड पेपर घेऊन फाटकात उभे राहिले.

"सर, काय करून राहिले?"

"झिजवून राहिलो."

"नवीच दिसते की."

"म्हणून तर झिजवतोय."

गायकवाडांनी पेपर मिटला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने त्यांची बायको सुनंदाकडे आली आणि हळू आवाजात माझ्या झोपेची, भुकेची चौकशी करून गेली.

घासून भागेना, म्हणून मी थाळी डांबरी रस्त्यावर फरफटवली, विजेच्या खांबावर आपटली, आणि शेवटी मऊ पडावी म्हणून भर दुपारी गाडीच्या काचेखाली ठेवून दिली. नांदेडचा मे महिना. बाहेर काढली तेव्हा ती गरम पोळीसारखी मधोमध दुमडत होती. मग तिला पाट्याखाली दाबून सपाट केली. या सगळ्यात घरातली चटणी दोन दिवस मिक्सरवर झाली, आणि ती चटणी कशी झाली हे मला दोन दिवस ऐकवण्यात आलं.

पण दुसऱ्या दिवशी विष्णुपुरीला मी ती फेकली आणि ती सरळ गेली. अगदी सरळ! जरा उजवीकडे झुकली, मग डावीकडे आली, आणि जिथे मी बघत होतो तिथे जाऊन अलगद टेकली. मी पुन्हा फेकली, पुन्हा सरळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्याने न मागता चहा दिला. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

धोंड्याच्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. मुदखेड येईपर्यंत थाळी माझ्या मांडीवरच होती. सुनंदा म्हणाली, "लेकरू आहे का ते?" सामन्याआधी मी बोलत नाही, हे माझं मी कालच ठरवलं होतं.

मामांचं घर पुढे आणि खळं मागे. मागच्या ओसरीसमोर लांबच लांब मोकळी जागा, तिच्यात अर्ध्या भागात लालभडक मिरची वाळत घातलेली. उजव्या हाताला ताडपत्रीवर मिरचीचं बी आणि झाडून गोळा केलेली भुकटी यांचा ढीग. ढिगाशेजारी उभा पंखा, त्याचं तोंड आमच्याकडे, म्हणजे ओसरीला वारा यावा म्हणून. पार टोकाला कडुलिंब, आणि त्याच्या फांदीला मामांनी हौसेने बांबूचं टोपलं बांधलेलं. मिरचीपाशी एक धिप्पाड गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून मिरची मोडून हुंगत उभे होते. ते राजन्ना. तेलंगणातल्या पलीकडच्या गावचे व्यापारी, मामांकडून माल घेणारे. भाव काही जुळत नव्हता म्हणून सकाळपासून तिथेच होते.

दिलीप आधीच आला होता. त्याने माझी थाळी हातात घेतली, वाकवून पाहिली, वास घेतला.

"दादा, साधं प्लॅस्टिक आहे. बाहेर ठेवू नका, या उन्हात मऊ पडेल. माझी बॅग मी स्वयंपाकघरात ठेवलीय, तिथे गार आहे. तिथेच ठेवा."

याचा सल्ला मी आयुष्यात एकदाच ऐकला. तो हाच.

आमरस झाला, गप्पा झाल्या, राजन्नांना बळेच दोन वाट्या रस पाजून झाला. मग मामींनी आतून आवाज दिला, "ताट तयार हाय. दिवा लावून राहिले म्या. काय खेळायचं ते पटकन खेळा. लावलेला दिवा तसाच ठेवत न्हाईत." मामा ओसरीवर पंच म्हणून बसले. दोन पाट मांडलेले होते. मी पहिल्या पाटाकडे एकदा बघून घेतलं.

"धाकट्याने आधी फेकावी," मी म्हणालो.

दिलीपने लाल ड्रायव्हर फेकली. ती गेली, उजवीकडे जरा झुकली, मग डावीकडे वळून कडुलिंबाच्या बुंध्यापाशी उतरली. टोपलं हाताच्या अंतरावर. राजन्ना "बागुंदी, बागुंदी" म्हणाले, म्हणजे छान. मामांनी मांडीवर थाप मारली.

मग दिलीपने बॅगेतून काढलेली साध्या प्लॅस्टिकची पटर घेतली. टोपल्यात नुसती टाकायची होती. त्याने टाकली, तर ती हवेत लटपटली आणि त्याच्याच पायाशी पडली. पुन्हा टाकली, ती फांदीखालून गेली. तिसऱ्यांदा टाकली, ती मागे गेली. समोरच्या टोपल्यात थाळी टाकता न येणारा फिजिक्सचा शिक्षक बघणं यासारखं सुख नाही. चौथी फेक वाया गेल्यावर त्याने थाळी उलटी करून पाहिली.

"ही वाटीसारखी झालीय. आणि याला खसखस कशी लागली?"

मामी दाराशी आल्या. हातात वाणाचं ताट, वर पेटता दिवा.

"अनारसे निथळायला ठिवले व्हते त्यात. बॅगत ताटं दिसली म्हनून काढली. लई गुळगुळीत. अन् जावयांनी आनली म्हनून आधी उकळत्या पान्यानं धुतली बी."

"मामी, ते ताट नाही. पटर आहे."

"आमाला काय ठाव. कड हाय, मधी खोल हाय. ताटच की."

यात मामींचं काय चुकलं? मीही आधी तसंच म्हणालो असतो.

दिलीपने मामांकडे हात जोडले. "मामा, साधं प्लॅस्टिक गरम तुपाने वाकलंय. दुसरी थाळी घेऊ का?"

"थाळी बदलायची नाही," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

"कोणता नियम?"

"आत्ताचा."

"मग तुमचीही तपासा दादा. तुमचीही साधीच आहे, ती पण स्वयंपाकघरात होती."

"लातूरचे सल्ले लातूरला ठेवा. तिकडे पाणी कमी आणि सल्ले फार."

"शिवाय वारा समोरून आहे. झिजलेल्या थाळीला समोरचा वारा उजवीकडे उलथवतो."

इथे माझं डोकं फिरलं. मी जन्मभर वारे शिकवलेत. मतलई वारे, खारे वारे, नैर्ऋत्य, ईशान्य, फळ्यावर बाण काढून काढून माझा खांदा दुखतो. आणि हा मला, सासऱ्यांच्या खळ्यात, बायकोसमोर, वारा शिकवणार?

"दाजी, एकदा बघून तर घ्या," वंदनासुद्धा म्हणाली.

मी पाहिलं नाही. थाळी हाताला जरा गुळगुळीत लागली, ते मामींनी घासून धुतल्यामुळे असेल असं मला वाटलं. आता एकच फेक. ती झाडापाशी गेली की पुढची टोपल्यात, आणि मग तो पाट जन्मभर माझा. मी मागे गेलो, मुख्याध्यापकाला आठवलं, नळाचं पाणी आठवलं, दिलीपचं "काय समजलं, सांगा" आठवलं, आणि होता नव्हता तेवढा राग हातात आणून फेकली.

सुटताना ती तुपावरून सरकली. तरीही क्षणभर सरळ गेली. तेवढ्यात मामा "वा!" म्हणाले, ते मी कानांनी ऐकलं. मग ती उजवीकडे झुकली. डावीकडे येण्याची वेळ झाली, पण ती आली नाही. झुकतच राहिली, उलथली, आणि खणकन पंख्याच्या मानेवर बसली. पंख्याने तोंड फिरवलं आणि मिरचीच्या भुकटीच्या ढिगाकडे करून तो पूर्ण वेगात चालू राहिला.

लाल ढग उठला. आधी ढिगाएवढा होता, मग घराएवढा झाला. समोरून वारा आहे, हे दिलीपने सांगितलंच होतं.

"पंखा बंद करा," कुणीतरी ओरडलं. त्यानंतर कुणाला काही ओरडता आलं नाही. मामा शिंकत होते, दिलीप शिंकत होता, वंदना आणि सुनंदा एकमेकींना धरून शिंकत होत्या. पलीकडच्या गल्लीतून शिव्या ऐकू आल्या, मग शिंका ऐकू आल्या. माझ्या डोळ्यांत निखारे पडले होते. मी चाचपडत हौद गाठला आणि डोकं पाण्यात घातलं.

पुढचं मला दिसलं नाही. ते मी नंतर जोडून घेतलं. दिलीप सवयीने ओसरीवर चढला आणि आपल्या नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या पाटावर जाऊन बसला. (तोंडाला रुमाल लावून आंधळा झालेला असतानाही तो पहिल्या पाटावर बसला नाही, हे सुनंदा मला अजून सांगते.) राजन्नांचा जन्म मिरचीत गेलेला. त्यांनी गडबड केली नाही. डोळे मिटून, टॉवेल तोंडावर घेऊन ते शांतपणे ओसरीवर आले आणि पायाला जे पहिलं लाकूड लागलं त्यावर मांडी घालून बसले.

आणि मामींच्या हातात पेटता दिवा होता. लावलेला दिवा तसाच ठेवत नाहीत. मामींनी पदर तोंडावर ओढला, पहिल्या पाटावर कुणीतरी बसल्याचं अंदाजाने पाहिलं, आणि कुंकू लावलं.

"जावईबापू, हालू नका," मामी शिंकत म्हणाल्या.

"हाव," राजन्ना म्हणाले. घरातल्या मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

मामींनी औक्षण केलं. तेहतीस अनारशांचं ताट त्यांच्या हातात दिलं. मामांनी डोळे मिटूनच त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, दंड चाचपला आणि कौतुकाने म्हणाले, "भरलात की हो यंदा!" मग दुसऱ्या पाटावर दिलीपचंही तसंच झालं. सगळं अगदी रीतीप्रमाणे झालं, आणि माझ्या सासुरवाडीत इतकं रडत रडत जावयांचं औक्षण पूर्वी कधी झालं नव्हतं.

पंखा कुणीतरी बंद केला. मी हौदातून डोकं काढलं, डोळे किलकिले केले, तर माझ्या पाटावर एक व्यापारी कुंकू लावून, टोपी घालून अनारसा खात होता.

"तो माझा पाट आहे," मी म्हणालो. ओरडायचं होतं, पण घसा बसला होता.

मामींनी डोळे पुसून नीट पाहिलं. मामांनीही पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दिलेलं वान परत घेत नसतात," मामी म्हणाल्या.

"पण हे जावई नाहीत!"

"दिवा ववाळला की न्हाई? मंग झाले."

राजन्ना ताट खाली ठेवून उठायला लागले, तसे मामांनी त्यांना खांदा दाबून बसवलं. राजन्नांचे डोळे वाहत होते, आणि बाकी सगळ्यांचे थांबले तरी त्यांचे वाहतच राहिले. "अम्मा," ते मामींना म्हणाले, "माझ्या बायकोच्या माहेरी आता कोनी राहिलं न्हाई. मला धोंड्याला बोलावणारं कोनी न्हाई." मग त्यांनी मामींच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि सकाळपासून अडलेला भाव मामा म्हणतील तो मान्य करून टाकला. एवढं झाल्यावर माझा पाट परत मागायला तोंड कुठून आणायचं? मी मागितलाच, ती गोष्ट वेगळी. कुणी लक्ष दिलं नाही.

टोप्या दोनच आणल्या होत्या. मला नुसता टॉवेल मिळाला, आणि तोही आधीच दिलीपने तोंड पुसलेला होता. अनारसे संपले होते म्हणून वाणात बत्तासे मिळाले. बसायला मिरचीचं रिकामं पोतं मिळालं, त्यावर मी जास्त वेळ बसू शकलो नाही. सामन्याचं काय झालं, असं मी मामांना जेवताना विचारलं. मामा म्हणाले, "कुनाचीच थाळी टोपल्यात गेली न्हाई. तवा जो पाटावर बसला त्याचा पाट."

आता राजन्नांचा दर रविवारी फोन येतो. मला ते "तोडल्लुडु" म्हणतात. तेलुगूत साडूला तसं म्हणतात. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी आहे, पण मामींनी बैठक आत्ताच ठरवून टाकली आहे. वयाने राजन्ना थोरले, म्हणून पहिला पाट त्यांचा. दिलीपने आपली जागा कधी सोडली नाही, म्हणून दुसरा त्याचा. घरात पाट दोनच आहेत, तेव्हा नांदेडच्या जावयांनी आपला पाट घरूनच घेऊन यावा, असा निरोप आहे. सुनंदाने परवा बाजारातून आणूनही ठेवला. प्लॅस्टिकचा आहे.